कुशाबाची पुसलेली जबानी

१

कुशाबा मंगळवारी पहाटे गेला. त्याला पोचवून माणसं परत यायच्या आतच लालबागच्या भिकोबा चाळीत बातमी फुटली की त्याची जबानीही गेली. माणूस अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता, त्याच्या जाण्याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही. जबानीने मात्र सगळ्यांची तोंडं उतरली, कारण चौदा नंबरची खोली तिच्यावर उभी होती.

शुक्रवारी दुपारी स्पृहा माझ्या कॉलेजात आली आणि स्टाफरूममध्ये ढसाढसा रडली. माझी जुनी विद्यार्थिनी, आता भिकोबा चाळीच्या पुनर्विकास कमिटीत टायपिंगचं काम करते. मी दादरला पंचवीस वर्षं ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकवतेय. वरळी कोळीवाड्यात वाढले, आईने मासळी विकून शिकवलं. रडणाऱ्या माणसाशी गोड बोलणं मला कधी जमलं नाही.

"रडून झालं की सांग," मी म्हटलं.

"तेजस्वी मॅडम, सगळे म्हणतायत मी जबानी उडवली. लवूकाकांनी मला विकत घेतली म्हणतात. सोमवारी सुनावणी आहे. त्याआधी जबानी मिळाली नाही तर माझ्यावर पोलीस कंप्लेंट करणार."

हळूहळू तिने सगळं सांगितलं. चौदा नंबरची खोली कोंडसरे गावाची. गिरणीच्या काळात कोकणातल्या गावांनी अशा खोल्या घेतल्या, गावचा माणूस मुंबईत आला की त्याला पथारी टाकायला जागा असावी म्हणून. आता गिरण्या नाहीत, पण गावची माणसं परळच्या इस्पितळात औषधपाण्याला येतात, ती तिथेच उतरतात. भाडेपावतीवर मात्र गावाचं नाव कसं येणार? तिथे एका माणसाचं नाव आहे आणि तो माणूस म्हणजे गावच्या मंडळाचा सेक्रेटरी लवू, त्याचा बाप. तो केव्हाच वारला. कायदा पावती बघणार आणि नवी सदनिका लवूच्या पदरात टाकणार. खोली गावाची हे छातीवर हात ठेवून सांगणारा एकटा कुशाबा उरला होता. सोमवारी अकरा वाजता त्याने स्पृहाला जबानी सांगितली, तिने टाइप केली. तेवढ्यात प्रिंटरची शाई संपली.

"सेव्ह का नाही केलीस?"

"फाइलला अर्जाचा नंबर द्यायचा असतो मॅडम. नंबर गौतमसर दुपारी देतात. तोपर्यंत मी कॉम्प्युटरवर साध्या नोटपॅडमध्ये टाइप करून तसंच ठेवते. रोज लगेच प्रिंट काढते, म्हणून कधी प्रॉब्लेम नाही झाला. त्या दिवशी पॅड खाली ढकललं आणि वर बाकीचे स्कॅन उघडले, चाळीस कुटुंबांचे. एक वाजता शाई भरून आणायला गेले. दोनला आले तर पॅड गायब. कुशाबा आजोबांना म्हटलं, उद्या परत सांगा. आणि उद्या..." ती पुन्हा रडू लागली.

"बाकीचे काय म्हणतात?"

"सगळे तेच म्हणतात. मेमरी फुल झाली, सॉफ्टवेअर उडालं."

मेमरी फुल! हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. माणसाने चूक केली की नाव मशीनचं. मशीनला तोंड नाही, ते बिचारं काय बोलणार?

"तू परत आलीस तेव्हा ते चाळीस स्कॅन उघडे होते?"

"हो. सगळेच्या सगळे."

मी हातातला चहा खाली ठेवला. मेमरी संपली तर गचका खातो तो सगळ्यात जास्त जागा मागणारा. इथे चाळीस स्कॅनचं धूड जिवंत होतं आणि दीड पानाचं पॅड मेलं होतं.

२

शनिवारी सकाळी मी भिकोबा चाळीत गेले. कमिटीचं ऑफिस तळमजल्यावर. किल्ली दारामागच्या खिळ्याला लटकते आणि हे अख्ख्या चाळीला माहीत आहे. मंगळवारच्या बोंबाबोंबीनंतर मशीनला कुणी हात लावला नव्हता. मी डिस्क काढून कॉलेजात नेण्यासाठी बांधून घेतली. निघण्याआधी तिघांशी बोलायचं ठरवलं होतं. प्रश्न एकच विचारायचा: त्या दिवशी मशीन कसं चालत होतं?

पहिला गौतम. बिल्डरकडून कमिटीत बसवलेला सल्लागार, पस्तिशीचा, बोलताना सतत मोबाइलकडे बघणारा.

"एकदम स्लो, मॅडम. जुना डब्बा आहे. हँग होतोच."

"तुम्ही बघितलंत?"

"मी कुठे? मी एक ते दोन बाजूच्या हॉलमध्ये आर्किटेक्टसोबत होतो. लवूकाका पण तिथेच. दहा जणांनी बघितलंय."

"मग स्लो होतं हे कसं कळलं?"

"अहो, असणारच ना! बघा मॅडम, मला एका खोलीचा एक माणूस पाहिजे. गाव वगैरे कुठल्या कॉलममध्ये टाकू? फॉर्ममध्ये गावाचा कॉलमच नाही."

खोटं बोलत होता असं नाही. त्याला फक्त सगळं लवकर उरकायचं होतं. अशी माणसं मला चोरांपेक्षा जास्त खटकतात.

लवूभाऊ ऑफिसबाहेरच्या बाकावर भेटले. साठीचे, कोंडसरे ग्रामस्थ मंडळाचे सेक्रेटरी, कपाळाला गंध, आवाजात साखर.

"मशीनीतला माका काय कळता, मॅडम? मी मीटिंगमध्ये होतो. पण एक सांगतो, खोली गावाचीच आहे. मी कधी माझी म्हटली नाही. आता कायद्याने बापाचं नाव बघून माझ्या गळ्यात घातली तर मी काय करणार? नको कशी म्हणू?"

"लिहून द्या ना तसं. खोली गावाची आहे म्हणून."

त्यांचा हसरा चेहरा तसाच राहिला. "वकिलांना विचारतो," म्हणाले. मंगळवारपासून ते सगळ्यांना हेच सांगत होते; आज पाचवा दिवस होता, वकील काही भेटला नव्हता.

फायदा लवूभाऊंचा आणि साक्षीला दहा माणसं, तीही त्यांचीच. तरी कुणीतरी पॅड वर आणलं होतं. ते बंद करताना मशीन विचारतं, 'ठेवायचं की नको?' कुणीतरी 'नको' हे उत्तर दिलं होतं. नंतर लॅबमध्ये बघितलं तेव्हा मशीनच्या नोंदींत त्या दिवशी काही कोसळल्याची एक ओळही नव्हती.

तिसऱ्या होत्या नलूताई, दुसऱ्या मजल्यावर कुशाबाच्याच खोलीत राहणाऱ्या.

३

चौदा नंबर म्हणजे दहा बाय पंधराची खोली, वर माळा, भिंतीला खुंट्या. प्रत्येक खुंटीखाली रंगाने लिहिलेला आकडा, छत्तीसपर्यंत. नलूताई चुलीशी पेज ढवळत होत्या. वय अठ्ठावन्न, डोक्याला रुमाल, भुवया गळलेल्या. जानेवारीपासून त्या इथे राहून इस्पितळात जायच्या. कुशाबाचं जेवणखाण त्याच बघायच्या.

"बसा, बाय. पेज घेतलास?"

मी वाटी घेतली. खोली गेली तर सगळ्यात आधी रस्त्यावर येणारी हीच बाई. केमोच्या आठ डोसांपैकी चार झालेले. मुंबईत कुणी नाही. धर्मशाळेत नाव घातलंय, नंबर लागत नाही. माझं मन कळवळलं, खोटं का सांगू?

"ह्या खुंटये कित्याक म्हणून बघतास?" त्या म्हणाल्या. "माझो बापूस हय रवलो. सव्वीस नंबरची खुंटी. तीन पाळयेची माणसां. पैल्या पाळयेचो उठान गेलो की तेच्या जाग्यार तिसऱ्या पाळयेचो आडवो पडतलो. पथारी गुंडाळून माळ्यार. जागा बारा जणांची आणि माणसां छत्तीस. पण गावाक प्रत्येकाच्या घरात एकच बोलणा, मुंबयेक आमची खोली आसा."

"आता कोण ठरवतं, कुणी राहायचं ते?"

"मंडळ. तीन म्हयने. तेच्यानंतर दुसऱ्याचो नंबर. माझे ह्या म्हयन्याअखेर भरतत."

हे त्यांनी पेजेकडे बघत सांगितलं.

"सोमवारी दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"हयच. माझो पाय त्या हापिसाक कधी लागलो नाय. माका काय जमता त्यातला?" मग स्वतःहून म्हणाल्या, "पण त्या मशीनीचा काय खरा नाय, बाय. आधी पांढराफटक दिसता, मगे सावकाश अक्षरां येतत. असल्या मशीनीर कोण विश्वास ठेवतलो? तेनाच खाल्ला आसतला."

मी मान डोलावली, वाटी धुऊन पालथी घातली आणि निघाले. तेव्हा माझं सगळं लक्ष लवूभाऊंवर होतं. पंचवीस वर्षं जे फळ्यावर लिहून शिकवतेय ते माझ्या समोर कुणी बोललं आणि मला ऐकूच आलं नाही.

४

कॉलेजच्या लॅबमध्ये डिस्कची प्रत काढायला दुपार झाली. स्पृहा शेजारी बसून नखं खात होती.

"सेव्हच केलं नव्हतं तर सापडणार कुठून, मॅडम?"

"चौदा नंबर बघितलीस ना? सिस्टिम तेच करते. प्रत्येक सॉफ्टवेअरला सांगते, सगळी मेमरी तुझीच. खरी जागा बेताची. जो काम करतोय तो जमिनीवर, जो नुसता पडून आहे त्याची पथारी माळ्यावर. माळा म्हणजे ही डिस्क. तू चाळीस स्कॅन उघडलेस, जमीन भरली. पॅड खाली पडून होतं. सिस्टिमने त्याची पानं उचलून इथे टाकली."

"पण पॅड बंद झाल्यावर ती पुसली असतील."

"पुसत बसायला तिला वेळ नाही. 'जागा मोकळी' एवढंच ती टिपून ठेवते. दुसरं कुणी तिथे येऊन पडेपर्यंत जुनं तसंच राहतं. मंगळवारपासून मशीन बंद राहिलं, हे तुझं नशीब."

चार वाजता अक्षरं सापडली. कचऱ्यातून मणी वेचावेत तशी ती वेचावी लागली. पहिलं पान जवळजवळ पूर्ण मिळालं, दुसऱ्यावर स्पृहाच्याच सोमवार संध्याकाळच्या कामाने पाणी फिरवलं होतं.

'मी कुशाबा, राहणार खोली नंबर चौदा, लिहून देतो की सदर खोली कोंडसरे गावची आहे. पावतीवर एकाचं नाव लागतं म्हणून लवूच्या वडिलांचं लावलं. खोली माझी नाही असा कागद त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिला. त्याच्यावर अठरा गावकऱ्यांच्या सह्या व अंगठे आहेत. तो कागद भजनाच्या पेटीच्या खोक्यात तळाला'

पान तिथे संपलं. मला त्याहून जास्त नको होतं. सही नसलेल्या जबानीला सुनावणीत किंमत नसती, पण त्या कागदाला होती. स्पृहाने मला मिठी मारली. मी मात्र पडद्याकडे बघत राहिले, कारण आता एक गोष्ट डोक्यात टोचू लागली होती.

पानं डिस्कवर गेली होती. म्हणजे त्यानंतर ज्याने पॅड वर आणलं, त्याला अक्षरं लगेच दिसली नसणार. त्या जुन्या, रखडणाऱ्या डिस्कवरून पानं परत येईपर्यंत खिडकी नुसती कोरी, पांढरी राहिली असणार.

"स्पृहा, तुझं पॅड कधी आधी पांढरं दिसून मग अक्षरं आली, असं झालंय?"

"नाही, मॅडम. रोज टाइप केलं की लगेच प्रिंट काढून बंद करते. ते पडून राहतच नाही. त्या दिवशीच राहिलं, आणि मी परत उघडायच्या आत गेलं."

म्हणजे ते पांढरं रूप या जगात एकदाच दिसलं. सोमवारी, एक ते दोनच्या मध्ये, ऑफिसात बसलेल्या एका माणसाला. आणि त्या माणसाने मला पेज वाढली होती.

५

रविवारी सकाळी मी चौदा नंबरमध्ये गेले. नलूताई एकट्याच होत्या.

"भजनाची पेटी हवी होती," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग स्टुलावर चढून माळ्यावरचं खोकं खाली ओढलं. मी हात द्यायला गेले तर मला बाजूला सारलं. पेटी उचलून ठेवली, तळाचं फडकं काढलं आणि पिवळा पडलेला कागद माझ्या हातात दिला.

"घेवा. तुमका सगळां कळलां दिसता."

"पांढऱ्याचं तुम्हीच सांगितलंत."

"माका वाटला, मशीनीक दोष दिलो की पुरे."

"का, नलूताई? तुमचंच घर होतं हे."

"म्हयन्याअखेरपर्यंत!" त्यांचा आवाज चिरकला. "मगे खय जातलंय? चार डोस ऱ्हवले. मंडळाक इचारलंय, नियम म्हणजे नियम म्हणाले. लवू म्हणालो, खोली माझ्या नावार झाली तर नलू, तू बरी होयसर रव, तुका कोण उठवता बघतंय. सोमवारी मीटिंगीक जाताना तेनाच सांगल्यान, जबानी मशीनीत आसा, कागदार नाय. चावी खय आसता ता तर सगळ्यांका म्हायत. माका येता तितक्या. माझ्या नातवान मोबाइल शिकवल्यान, तसाच तर आसा सगळा. मी सगळां वाचलंय, बाय. कुशाबान कसां सांगल्यान, सगळां. आणि 'नको' दाबलंय. दुसऱ्या दिशी तो मेलो. आदल्या राती तेका पेज मीच भरवलंय."

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"कागद कुठे आहे ते वाचलंत ना? मग तो का नाही जाळला?"

त्यांनी कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. निळसर पुसट अंगठा होता. "ह्यो माझ्या बापाशीचो. चुलीपर्यंत नेलंय आणि परत ठेवलंय."

मी म्हटलं, "लवूभाऊंनी तुम्हाला शब्द दिला होता, हे मी सुनावणीत सांगते."

"आणि तो नाय म्हणालो तर?" नलूताई म्हणाल्या. "कुशाबाची अक्षरां तुमी मशीनीतसून काढलास. तेचो सबूद खंयच्या मशीनीतसून काढतलास?"

मी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. त्या दुपारी लवूभाऊ दहा जणांसमोर हॉलमध्ये बसून होते आणि त्यांच्या हाताला काहीही लागलेलं नव्हतं.

६

सोमवारी कागद सुनावणीत दाखल झाला. खोली गावाची धरून ती मंडळाच्या नावाने करायचा निर्णय झाला. पॅड कसं बंद झालं, हे मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "स्पृहाची चूक नाही. ती ऑफिसात नव्हती. मजकूर मशीनमध्येच होता, मी काढून दिला." तिन्ही वाक्यं खरी होती. त्यांच्यामध्ये जे होतं ते मी गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मशीनच्या आडोशाला उभी राहिले.

पुढच्या रविवारी मंडळाची सभा चौदा नंबरमध्ये भरली. मला नारळ आणि शाल. लवूभाऊंनाही शाल, वडिलांचा शब्द राखल्याबद्दल. "मी पहिल्यापासून सांगत होतो, खोली गावाची," ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. मी त्यांच्याकडे टक लावून बघितलं. त्यांनी मला नमस्कार केला.

मग विषय निघाला नंबरचा. गावाहून पत्र आलं होतं. सलोनी नावाची बत्तीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, पुढच्या आठवड्यात इस्पितळात दाखल व्हायची होती. तिला पथारी लागणार. नलूताईंचे तीन महिने भरले होते. बाहेरच्या बाईने सभेत बोलायचं नसतं, तरी मी उभी राहिले. म्हटलं, हिचे चार डोस उरलेत, मधेच थांबले तर झालेल्या चारांचाही उपयोग नाही.

"मॅडम, आम्हाला काय दगडाचं काळीज आहे?" लवूभाऊ म्हणाले. "पण एकाला सूट दिली की सगळ्यांना द्यावी लागेल. खोली गावाची आहे. गावाचा नियम गावानेच मोडायचा?"

हात वर झाले. मी मोजले नाहीत. मोजण्यासारखं काही नव्हतं.

खाली जिन्याशी मी नलूताईंना गाठलं. म्हटलं, "माझ्याकडे चला. कोळीवाड्यात घर आहे, मी एकटीच असते. डोस पूर्ण होईपर्यंत राहा." मी मनापासून म्हणत होते. हे आधी का नाही म्हटलं, कागद हातात घ्यायच्या आधी, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. मला तेव्हा कोडं सुटल्याचा आनंद झाला होता.

नलूताईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तुमच्या घरात रोज तुमचा तोंड बघूक होया, बाय. आणि तुमका माझा. दोघांकाय जमूचा नाय."

परळहून सकाळची गाडी होती. मी पोचवायला गेले, त्यांनी खिडकीतून एकदाही बाहेर बघितलं नाही.

श्रावणात स्पृहाचा फोन आला. नलूताई गावी वारल्या, शेवटी फार हाल झाले. मंडळाने चौदा नंबरमध्ये शोकसभा ठेवली होती.

"तुम्ही यायला हवं होतं, मॅडम," ती म्हणाली. "लवूकाका इतकं छान बोलले, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं."